लहान मुलांच्या दातांचं काम भूल देऊन करायचं ठरलंय? पहिल्यांदाच जाणाऱ्या आईबाबांसाठी

डॉक्टरांनी सांगितलं की सात-आठ दाढा किडल्यात, पोरगं खुर्चीत बसू देत नाहीये, भूल देऊनच करावं लागेल, की त्या दिवसापासून घरात काय सुरू होतं ते ज्याच्यावर वेळ आलीये त्याला माहितीये. आजी म्हणते दुधाचेच दात, पडणारच आहेत, एवढ्याशा जिवाला भूल कशाला. बाबा रात्रभर व्हिडिओ बघत बसतात आणि सकाळी आणखीनच घाबरलेले असतात. माझ्या मुलाला ऑटिझम आहे, त्याच्या पूर्ण तोंडाचं काम भूल देऊन झालं, तेव्हापासून आमच्या पालकांच्या ग्रुपमध्ये हा विषय निघाला की मेसेज माझ्याकडे येतात, म्हणून दर वेळी जे सांगते ते एकदा सलग लिहून काढतेय. मी डॉक्टर नाही, औषध आणि डोस ठरवणं त्यांचं काम, पण काय विचारायचं, काय सांगायचं आणि कुठे नाही म्हणायचं हे आपलं काम आहे. आणि माझं एक ठाम म्हणणं आहे, कोणतं औषध देणार हे विचाराच, पण ते दिल्यावर पोराच्या श्वासावर कोण लक्ष ठेवणार हे त्याच्याही आधी विचारा.

आधी हे बघा की भूल खरंच लागणार आहे का

सगळ्याच मुलांना लागत नाही. लहान मुलांच्या दातांचे डॉक्टर म्हणजे पेडोडॉन्टिस्ट, त्यांच्याकडे अजून गेला नसाल तर आधी तिथे जा. ते पहिल्या भेटीत बऱ्याचदा काहीच करत नाहीत, खुर्ची वरखाली करून दाखवतात, आरसा हातात देतात, हवेचा फवारा बोटावर मारून दाखवतात, आणि दोन-तीन भेटींत बरीच मुलं तयार होतात. कीड फार खोल नसेल तर चांदीचं एक औषध लावून ती थांबवता येते, सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड म्हणतात त्याला, ड्रिल नाही इंजेक्शन नाही, फक्त किडलेला भाग कायमचा काळा पडतो. पुढच्या दाताला लावायचं म्हटलं तर बऱ्याच आयांना ते नको वाटतं, पण दाढेत कोण बघतंय. काही दाढांवर न कोरता सरळ स्टीलची कॅप बसवतात, ती पण पद्धत आहे.

मग भूल लागते कुणाला? अगदी लहान, म्हणजे तीन-चार वर्षांच्या आतलं मूल आणि तोंडभर कीड. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व अशी मुलं, ज्यांना तोंड उघडं ठेवून बसणं जमतच नाही. गालावर सूज, पू, मूल जेवत नाही, रात्री उठून रडतं आणि थांबायला वेळ नाही. आणि काही मुलं आधी कुठेतरी हातपाय धरून काम केल्यामुळे इतकी घाबरलेली असतात की दवाखान्याच्या पायरीवरच थरथरतात.

आजीच्या मुद्द्याचं उत्तरही इथेच देते. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात, म्हणजे चार वर्षांच्या मुलाची दाढ किडली तर ती पडायला अजून सहा-आठ वर्षं आहेत, तेवढी वर्षं दुखणं, पू, अर्धवट जेवण हे कुणीच काढू नये.

गुंगी वेगळी, पूर्ण भूल वेगळी, आणि त्याच्या मधे पण बरंच काही असतं

लोक सगळ्यालाच भूल म्हणतात आणि गोंधळ इथून सुरू होतो. डॉक्टर पायऱ्या मानतात, हलकी गुंगी, मध्यम गुंगी, खोल गुंगी आणि मग पूर्ण भूल. हलक्या गुंगीत मूल जागं असतं, बोलतं. मध्यम गुंगीत पेंगतं पण हाक मारली, हात लावला की प्रतिसाद देतं आणि श्वास स्वतःचा स्वतः नीट घेतं. खोल गुंगीत सहज उठत नाही, श्वासाला मदत लागू शकते. पूर्ण भुलीत शुद्धच नसते आणि श्वासाची जबाबदारी डॉक्टरांची. आता यातली महत्त्वाची गोष्ट, या पायऱ्यांच्या मधे भिंत नाहीये. मध्यम गुंगी द्यायला गेलं आणि मूल खोल गुंगीत गेलं असं होऊ शकतं, लहान मुलांत तर जास्तच, कारण त्यांची श्वासनलिका बारीक, जीभ त्यामानाने मोठी आणि शरीरात ऑक्सिजनचा साठा कमी, त्यामुळे श्वास अडला तर ऑक्सिजन मोठ्यांपेक्षा फार लवकर खाली येतो. म्हणून ‘थोडंसंच औषध देतोय, काही होत नाही’ असं कुणी म्हणालं तर तिथे थांबा आणि पुढचे प्रश्न विचारा.

सगळ्यात सौम्य म्हणजे नाकावरचा गॅस, नायट्रस ऑक्साइड. नाकावर छोटा मास्क, त्यातून ऑक्सिजन आणि नायट्रस एकत्र येतो, बहुतेक वेळा नायट्रस तीस ते पन्नास टक्के, आणि मशीनच अशी असते की ऑक्सिजन तीस टक्क्यांच्या खाली जाऊच देत नाही. दोन-पाच मिनिटांत मूल सैल पडतं, कधी खुदकन हसतं, हातपाय जड वाटतात. काम झालं की पाचेक मिनिटं नुसता ऑक्सिजन देतात आणि असर उतरतो. दातांचा आणि या गॅसचा संबंध फार जुना आहे, अमेरिकेतल्या हार्टफर्डचे दंतवैद्य होरेस वेल्स यांनी डिसेंबर १८४४ मध्ये स्वतःची दाढ या गॅसवर काढून घेतली होती. पुढे १८४६ मध्ये बोस्टनमध्ये ईथरची भूल जगाला दाखवणारे विल्यम मॉर्टनही दातांचेच डॉक्टर.

पण गॅसची मर्यादा समजून घ्या. नाक चोंदलेलं असेल तर तो आत जाणारच नाही. मास्क नाकावर ठेवूच न देणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग नाही, माझ्या मुलाच्या बाबतीत हेच झालं, मास्क दिसला की तो मान फिरवायचा. आणि गॅसने भीती कमी होते, दुखणं पूर्ण जात नाही, दाढ सुन्न करायचं इंजेक्शन द्यावंच लागतं. सोबत जाणारी आई गरोदर असेल तर तिने आत बसू नये, दुसऱ्या कुणाला पाठवावं. मुलाला बी-१२ ची कमतरता असेल किंवा नुकतंच कानाचं ऑपरेशन झालं असेल तर आधी सांगा.

मग येतं तोंडावाटे द्यायचं गुंगीचं औषध, बहुतेक वेळा मिडाझोलम. चवीला कडू, गोड सिरपमध्ये मिसळून देतात, वीस-तीस मिनिटांनी असर दिसतो आणि काम करायला वेळ मिळतो जेमतेम अर्धा-पाऊण तास. एक-दोन दाढांसाठी ठीक, पूर्ण तोंडासाठी नाही. काही मुलांना याचा उलटा परिणाम होतो, शांत व्हायच्या ऐवजी चिडतात, रडतात, आवरत नाहीत. हे औषध वजनावर मोजून, दवाखान्यातच, बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावून द्यायचं असतं. ‘घरूनच पाजून आणा म्हणजे येईपर्यंत पेंगेल’ असं कुणी सांगितलं तर कृपा करून ऐकू नका, मग ते मिडाझोलम असो, ट्रायक्लोफॉसचं सिरप असो नाहीतर आणखी काही. रिक्षात आईच्या मांडीवर मान खाली पडून पोराचा श्वास अडला तर तिथे कोण बघणार आहे?

शिरेतून देतात ती औषधं म्हणजे प्रोपोफॉल, केटामाइन, डेक्समेडेटोमिडीन वगैरे. ही भूलतज्ज्ञानेच द्यायची, यात दुसरं मत नको.

आणि पूर्ण भूल. यात मूल पूर्ण झोपतं, आणि दातांच्या कामात श्वासाची नळी बहुतेक वेळा नाकातून घालतात म्हणजे तोंड डॉक्टरांना मोकळं राहतं. घशात मागे गॉज ठेवतात, पाणी, रक्त, दाताचा तुकडा खाली जाऊ नये म्हणून. मग दोन-तीन तासांत सगळ्या दाढा एकाच बैठकीत होतात. जागेपणी हे का जमत नाही याचं एक कारण मला फार उशिरा कळलं, सुन्न करायच्या इंजेक्शनलाही वजनाप्रमाणे मर्यादा आहे, बारा-चौदा किलोच्या मुलाला एका दिवसात तोंडाच्या चारही बाजू भरपूर सुन्न करून काम करता येत नाही.

कुठे करायचं आणि तिथे काय काय विचारायचं

मुंबईत सरकारी दंत महाविद्यालय सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारात आहे, महापालिकेचं नायर दंत रुग्णालय मुंबई सेंट्रलला आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. तिथल्या लहान मुलांच्या विभागात जाऊन भुलीच्या कामाची यादी कशी लागते, किती दिवस थांबावं लागतं हे प्रत्यक्ष विचारा, फोनवर नीट उत्तर मिळेलच असं नाही. खर्च खाजगीपेक्षा खूपच कमी, पण खेपा घालाव्या लागतात. खाजगीत पेडोडॉन्टिस्ट एखाद्या हॉस्पिटलचं ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, घेतात, स्वतःचं सामान तिथे नेतात आणि त्या हॉस्पिटलचा किंवा ओळखीचा भूलतज्ज्ञ येतो. काही जण स्वतःच्या क्लिनिकमध्येच भूलतज्ज्ञाला बोलावून करतात. माझं मत विचाराल तर पूर्ण भूल हॉस्पिटलमध्येच. ब्रिटनने तर २००१ संपता संपता दातांच्या साध्या दवाखान्यात पूर्ण भूल द्यायची बंदच केली, जिथे अतिदक्षतेची सोय आहे अशा हॉस्पिटलातच परवानगी ठेवली. आपल्याकडे इतका कडक रिवाज नाहीये म्हणून विचारायची जबाबदारी आपल्यावर येते.

हे प्रश्न कागदावर लिहून न्या, लाजू नका. भूल कोण देणार, त्यांचं शिक्षण काय, एमडी, डीएनबी किंवा डीए अॅनेस्थेशिया आहे का? ते काम संपेपर्यंत फक्त भुलीकडेच बघणार ना, की दातांचे डॉक्टरच दोन्ही करणार? एकाच माणसाने दाढ पण कोरायची आणि श्वास पण बघायचा हे खोल गुंगीत चालतच नाही. अमेरिकेतल्या मुलांच्या डॉक्टरांच्या आणि मुलांच्या दंतवैद्यांच्या संघटनांनी २०१९ मध्ये नियम आणखी घट्ट केले, दातांच्या दवाखान्यात खोल गुंगी किंवा पूर्ण भूल असेल तर दंतवैद्याशिवाय भुलीसाठी वेगळा प्रशिक्षित माणूस हवाच. मग विचारा, लहान मुलांना भूल द्यायचा त्यांचा नेहमीचा सराव आहे का? मॉनिटरवर ऑक्सिजन, ईसीजी, बीपी आणि श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड दिसणार का? हे शेवटचं जरूर विचारा. बोटावरचा क्लिप ऑक्सिजन दाखवतो, पण श्वास थांबल्यावर तो आकडा खाली यायला थोडा वेळ लागतो, कार्बन डायऑक्साइडचा ग्राफ मात्र लगेच सपाट होतो. आणि काही झालंच तर मुलांचा आयसीयू याच इमारतीत आहे का, नसेल तर जवळचा कुठला?

माझ्या अनुभवात चांगला भूलतज्ज्ञ या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खुर्ची ओढून बसतो आणि समजावून सांगतो. जो चिडतो त्याच्याकडे मी माझं पोर दिलं नसतं.

खर्च लेखी घ्या आणि फोड करून घ्या: दातांचं काम, भूलतज्ज्ञ, ओटीचं भाडं, औषधं, तपासण्या, आणि रात्री ठेवावं लागलं तर त्याचे किती. मेडिक्लेममध्ये दातांचं काम अपघात सोडला तर सहसा बसत नाही, तरी पॉलिसीचा कागद काढून टीपीएला, म्हणजे विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्यांना, विचारून घ्या, अॅडमिट करून केलं म्हणून काही मिळतं का ते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंतचं कव्हर, त्यात दातांचं काय काय बसतं ते आधी विचारा, काम झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही.

भुलीच्या आधीची तपासणी, इथे काहीही लपवू नका

याला पीएसी म्हणतात, प्री अॅनेस्थेटिक चेकअप. रक्ताच्या तपासण्या, गरज असेल तर छातीचा एक्सरे, मुलाच्या डॉक्टरांची चिठ्ठी. पण खरी तपासणी म्हणजे तुम्ही काय सांगता ती. वजन आजचं मोजलेलं हवं, अंदाजाचं नको, कारण सगळे डोस त्यावर. मूल घोरतं का, तोंड उघडं ठेवून झोपतं का, झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटतो का. दमा, पंप, फिट्स, हृदयाला छिद्र, कावीळ, जन्माच्या वेळी काचेत ठेवलं होतं का. हृदयाचा त्रास असेल तर काही मुलांना दाताच्या कामाआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं, कार्डिओलॉजिस्टची चिठ्ठी न्या. डाउन सिंड्रोम असेल तर मानेचा विषय मुद्दाम काढा, नळी घालताना मान कशी धरायची हे त्यावर ठरतं. कोणता दात हलतोय तेही सांगा. कुठलं औषध सोसत नाही, आयुर्वेदिक-होमिओपॅथी काय चालू आहे, सगळं.

दोन गोष्टी आपल्या महाराष्ट्रातल्या घरांनी खास लक्षात ठेवाव्यात. विदर्भ, नंदुरबार, गडचिरोली, पालघर आणि एकूणच आदिवासी भागात सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, बऱ्याच घरांमध्ये आहे. घरात कुणाला असेल किंवा मुलाची कधी तपासणीच झाली नसेल तर सिकलची टेस्ट करून घ्या, कारण भुलीत ऑक्सिजन कमी पडणं, अंगातलं पाणी कमी होणं, अंग गार पडणं या तिन्ही गोष्टींनी त्या मुलांना क्रायसिस, म्हणजे वाकड्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकून जोराच्या वेदनांचा झटका, येऊ शकतो. आधी माहीत असेल तर डॉक्टर सलाइन, ऑक्सिजन, ऊब सगळी तयारी ठेवतात आणि काम व्यवस्थित होतं. दुसरं, भुलीत स्नायू सैल करायला सक्सिनिलकोलीन नावाचं औषध कधीकधी वापरतात, बोलताना स्कोलिन म्हणतात, त्याचा असर बहुतेकांत पाच-दहा मिनिटांत जातो, पण ज्यांच्या रक्तात ते मोडणारं एन्झाइम जन्मतः कमी असतं त्यांना तो तास-तास टिकतो आणि तोपर्यंत मशीनवर श्वास द्यावा लागतो. हे आर्य वैश्य म्हणजे कोमटी समाजात जास्त आढळतं आणि भूलतज्ज्ञांना ते माहीत असतं. त्यामुळे तुम्ही त्या समाजाचे असाल, किंवा कुठल्याही घरात ‘काकांना ऑपरेशननंतर जाग यायला फार वेळ लागला होता’, ‘भुलीत ताप एकदम चढला होता’ अशी जुनी गोष्ट असेल तर ती नक्की सांगा. फोन करून मोठ्यांना विचारून जा.

सर्दी-खोकला झाला तर लपवू नका. तारीख मुश्किलीने मिळालीये, सुट्टी टाकलीये, मावशी गावाहून आलीये, हे सगळं खरं, तरी फोन करून सांगा. वाहती सर्दी, घरघर, ताप असताना भूल दिली तर श्वासनलिका आवळण्याचा धोका वाढतो, म्हणून दोन ते चार आठवडे पुढे ढकलतात आणि ते बरोबरच आहे.

मेंदूवर परिणाम होतो का, हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, डिसेंबर २०१६ मध्ये इशारा दिला होता की तीन वर्षांच्या आतल्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांपेक्षा जास्त भूल दिली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. दुसरीकडे तान्ह्या बाळांवरच्या एका मोठ्या अभ्यासात, ज्याचे निकाल २०१९ मध्ये आले, एकदाच तासाभराच्या आत भूल दिलेली मुलं पाच वर्षांची झाल्यावर, पूर्ण भूल न देता नुसतं अंग सुन्न करून ऑपरेशन झालेल्या मुलांसारखीच निघाली. म्हणून मूल तीनच्या आत असेल आणि काम थांबण्यासारखं असेल तर डॉक्टरांशी मोकळं बोला, आणि जे करायचं ते एकाच वेळी नीट करून घ्या म्हणजे पुन्हा भूल नको.

यामुळेच एक गोष्ट आधी समजून घ्या नाहीतर नंतर भांडणं होतात. भुलीत डॉक्टर टिकाऊ पर्याय निवडतात. जागेपणी ज्या दाढेत सिमेंट भरून बघितलं असतं तिथे स्टीलची कॅप घालतात, ज्या दाढेचा भरवसा नाही ती काढतात. आणि बऱ्याच मुलांचा एक्सरे जागेपणी निघतच नाही, तो भुलीत निघतो, त्यामुळे चार दाढांचं सांगितलं आणि सहा निघाल्या असं होतं. कन्सेंटवर सही करायच्या आधी विचारा, जास्त निघालं तर मला बाहेर येऊन सांगणार का, कुठपर्यंत तुम्ही ठरवणार. आमच्या डॉक्टरांनी नर्सला बाहेर पाठवून विचारलं होतं, मला ते आवडलं.

आदल्या रात्री आणि त्या सकाळी

उपाशी ठेवायचं म्हणजे काय यावरच सगळ्यात जास्त गडबड होते. साधारण नियम असा, जेवण किंवा वरचं दूध सहा तास आधी बंद, तळलेलं-जड जेवण आठ तास, आईचं दूध चार तास, आणि साधं पाणी किंवा गाळलेला पल्प नसलेला सफरचंदाचा रस दोन तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या भूलतज्ज्ञाने वेगळी वेळ दिली तर तीच पाळा. दूध हे पाणी नाही, ते जेवणात धरायचं. चहा-बिस्किट पण जेवणच. पोटात काही असेल आणि भुलीत उलटी झाली तर ते फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून हे इतकं कडक. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, कारण पहाटे आजीचा जीव कळवळतो आणि एक घोट दूध पाजलं जातं. पाजलं गेलंच तर ओटीत जायच्या आधी सांगा, रागावतील, तारीख पुढे जाईल, जाऊ दे. उलट बाजूने, पाणीसुद्धा रात्रीपासून तोडू नका, दोन तास आधीपर्यंत परवानगी असेल तर द्या, विशेषतः उन्हाळ्यात आणि सिकलसेलच्या मुलांना. लहान मुलाचा नंबर सकाळी पहिला लावून घ्या.

फिट्सची, दम्याची रोजची औषधं बंद करायची नसतात सहसा, घोटभर पाण्याबरोबर द्यायची की नाही ते विचारून घ्या. नेलपॉलिश काढा, बोटांच्या टोकांवरची गडद मेंदी टाळा, मशीनला बोटाचा रंग वाचायचा असतो. सकाळी तेल चोळून आंघोळ नको, ईसीजीचे स्टिकर चिकटत नाहीत. करगोटा, वाळे, कानातलं, गळ्यातला ताईत घरीच काढून ठेवा, तिथे कापायला लागला की घरच्यांच्या मनाला लागतं. पुढून बटणं असलेला सैल शर्ट, जादा कपड्यांचे दोन जोड, टॉवेल, आवडती चादर किंवा खेळणं. आणि दोन मोठी माणसं हवीतच, परतीच्या वाटेवर एकाने गाडी आणि एकाने फक्त मूल बघायचं. स्कूटरवर नेऊ नका, पुढे उभं करून तर नाहीच.

मुलाला काय सांगायचं? खोटं नाही. ‘डॉक्टर काका झोपेचा वारा देणार, तू झोपशील, उठशील तेव्हा मी असेन’, एवढं पुरे. आमच्या मुलाला आम्ही मास्कचा फोटो आधी आठवडाभर रोज दाखवला, मग रिकामा मास्क घरी आणून दिला आणि तो स्वतः नाकाला लावून बघायला लागला. भूलतज्ज्ञांना सांगितलं की त्याला आवाज सहन होत नाही, तर त्यांनी ओटीत सगळ्यांना गप्प केलं आणि मला आत येऊ दिलं. सगळीकडे आईला आत घेत नाहीत, पण विचारायला काय जातं. आत गेलात तर हे माहीत असू द्या: मास्क लावल्यावर पहिल्या मिनिटात मूल हातपाय झाडतं, डोळे फिरतात, श्वास घोरल्यासारखा येतो आणि मग एकदम अंग सैल पडतं. बघायला जड जातं, पण असंच होतं. तुम्ही रडायला लागलात तर नर्स बाहेर नेतील, जा, त्यांचं लक्ष मुलावर राहू द्या.

जाग आल्यावर

पहिला अर्धा तास वाईट असतो. बरीच मुलं रडत, चिडत, आईलाही न ओळखता उठतात, सलाइन ओढतात, आणि आईला वाटतं काहीतरी बिघडलं. मास्कमधून गॅस देऊन केलेल्या पूर्ण भुलीनंतर हे होतं आणि आपोआप जातं. छातीशी धरा, दिवे कमी करायला सांगा, सगळ्या नातेवाइकांनी एकदम ‘बाळा बाळा’ करू नका. नाकातून थोडं रक्त येऊ शकतं कारण नळी तिथून गेली होती, घसा एक-दोन दिवस दुखतो, गिळलेलं रक्त एखाद्या काळपट उलटीत बाहेर पडतं.

नीट जागं झाल्यावर आधी पाण्याचे घोट, ते राहिलं तर नारळपाणी, मग गार पेज, मऊ वरणभात, खिमट. दाढ काढली असेल तर गॉज अर्धा तास दाबून ठेवायचा, त्या दिवशी स्ट्रॉ नाही, जोरात चूळ नाही. ओठ-गाल दोन-तीन तास सुन्न असतील तर मुलं ते चावत बसतात आणि दुसऱ्या दिवशी ओठ सुजून टम्म होतो, तेवढा वेळ समोर बसून राहा. दुखण्याला पॅरासिटामॉल लिहून दिलं असेल त्याच मापाने, अॅस्पिरिन अजिबात नाही.

झोपेत त्या दिवशी एकटं सोडू नका, कुशीवर झोपवा, मान छातीवर पडू देऊ नका, गाडीतही. हाक मारून, हलवून जाग येत नसेल, श्वासाला घरघर असेल, ओठ निळसर वाटले तर १०८ ला फोन करा आणि निघा, डॉक्टरांच्या फोनची वाट बघू नका. रक्त अर्धा तास दाबूनही थांबत नसेल, उलट्या चालूच असतील, आठ तासांत लघवी झाली नसेल, ताप १०१ च्या वर गेला तर डॉक्टरांना त्याच वेळी कळवा, रात्र असली तरी. म्हणून डिस्चार्ज घेतानाच रात्रीचा नंबर कुणाचा, तो उचलतो कोण, हे विचारून निघायचं.

मोठ्यांचं थोडक्यात. अक्कलदाढेसाठी किंवा भीतीमुळे शिरेतून गुंगी घेणार असाल तर वरचे सगळे प्रश्न तेच, फक्त घोरणं, झोपेत श्वास थांबणं, बीपी, शुगर, रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि वजन कमी करायची इंजेक्शनं हे सगळं सांगा, दारू-तंबाखूचंही खरं सांगा. नंतर चोवीस तास गाडी चालवायची नाही आणि कुठल्या कागदावर सही करायची नाही.

पुढचे सहा महिने

कीड ज्यामुळे झाली ते घरात तसंच असेल तर नव्या दाढा पुन्हा किडतात आणि पुन्हा भुलीची वेळ येते, हे मी ग्रुपमध्ये डोळ्यांनी बघितलंय. रात्रीची दुधाची बाटली बंद, एकदम जमत नसेल तर रोज थोडं थोडं पाणी वाढवत. फ्लोराइडची पेस्ट, १००० पीपीएमवाली, तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी, आणि ब्रश आपण करून द्यायचा, सात-आठ वर्षांपर्यंत तरी. आमच्याकडे मूल मांडीवर डोकं ठेवून आडवं होतं आणि मी मागून करते, समोरून जमतच नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायला न्या, काही दुखत नसलं तरी, फ्लोराइडचं वार्निश लावून घ्या.

आणि हॉस्पिटलमधून फक्त डिस्चार्ज कार्ड घेऊन येऊ नका, भुलीची नोंद म्हणजे अॅनेस्थेशिया रेकॉर्ड असतं, कोणती औषधं किती दिली, कितव्या नंबरची नळी बसली, काही अडचण आली का, हे सगळं त्यात असतं. त्याची झेरॉक्स मागा, फाइलमध्ये लावा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि बाबांच्या मोबाइलमध्येही पाठवा, म्हणजे पुढे हर्निया असो, हात मोडलेला असो नाहीतर आणखी काही, जो कुणी भूलतज्ज्ञ समोर असेल त्याला ते लगेच दाखवता येईल.